बुधवारच्या मीटिंगमधला हुंकार

तुम्ही शेवटचं म्यूट कोणाला केलंत? आणि त्याला विचारून केलंत, की बटण तुमच्या हाताशी होतं म्हणून?

मी विचारतेय, कारण हे बटण जिथे बनत होतं तिथे मी कामाला होते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये फ्रीवेला लागून एक बसकी इमारत होती. खाली टाइल्सचं दुकान, वर आमची कंपनी. आम्ही जे विकत होतो ते एका वाक्यात सांगता यायचं. मीटिंगसाठी विमानानं जाऊ नका, महागडी व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली बांधू नका, काही डाउनलोडसुद्धा करू नका. ब्राउझर उघडा, लिंकवर क्लिक करा, कॅमेरा लावा आणि बोला. ब्राउझरमध्ये चित्रं हलती करणारं जे प्लगइन बहुतेकांकडे आधीच असायचं, त्याच्याच आधारानं आम्ही चेहरा आणि आवाज इकडून तिकडे न्यायचो. डेमोच्या वेळी ग्राहक खुर्चीत पुढे सरकून विचारायचे, ‘खरंच काही इन्स्टॉल केलं नाहीत?’ तेव्हा मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटायचा. विमानाचं तिकीट परवडत नाही त्यालाही आता टेबलाशी खुर्ची मिळेल, असं मला मनापासून वाटत होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आई नागपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि नर्सेसच्या संघटनेत होती. आमच्या घरात पुढच्या खोलीत सतरंजीवर पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. शाई ओली असली की बोटं काळी व्हायची आणि शाळेत बाई विचारायच्या, हे काय गं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘निषेध’ आणि ‘मागण्या’ या शब्दांवर. आई म्हणायची, “कोणाचं काय अडलंय ते वर आलं पाहिजे, आणि वाचणाऱ्यानं उद्या सकाळी काय करायचं ते शेवटी. मधलं जितकं कमी तितकं बरं.” मधलं कमी करणं मला अजून जमलेलं नाही.

तर, कोणाचं काय अडलं होतं ते सांगते. पुण्यात आमचं सहाजणांचं ऑफिस होतं आणि त्याची प्रमुख माझ्याच वयाची एक इंजिनीअर होती. आमच्या सॉफ्टवेअरमधला आवाजाचा निम्मा भाग तिनं लिहिलेला. ओहायोतल्या डब्लिनमधली एक विमा कंपनी आमची तेव्हाची सगळ्यात मोठी ग्राहक होती, आणि त्यांच्या सगळ्या शाखांमध्ये आमचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं याचा आराखडाही तिनंच केला होता. तो आराखडा ती ग्राहकाला स्वतः सांगणार होती. आणि त्याआधीच तिला मीटिंगमधून काढायचं ठरलं.

मीटिंग दर बुधवारी असायची. आमच्याकडे सकाळचे साडेसात, डब्लिनमध्ये साडेदहा, पुण्यात रात्रीचे आठ. अर्थात मीटिंग आमच्याच सॉफ्टवेअरवर. पडद्यावर एक मोठी चौकट आणि खाली छोट्या. जो बोलेल त्याचा चेहरा मोठ्या चौकटीत यायचा आणि त्याचाच आवाज सगळ्यांना जायचा. सगळीकडचे आवाज एकत्र करून पाठवणं सर्व्हरला जड जायचं, म्हणून आम्ही नियम केला होता की एका वेळी एकाच ठिकाणचा आवाज पुढे जाईल. आवाज कुठून येतोय ते सॉफ्टवेअर ओळखायचं आणि पडदा तिकडे वळायचा. बाकीचे तेवढा वेळ बंद.

एका बुधवारी डब्लिनच्या मॅनेजरबाई त्यांच्या अडचणी सांगत होत्या. वाक्य अर्ध्यावर असताना पडदा पुण्याकडे उडाला. मोठ्या चौकटीत टेबलाभोवती सहाजण, माना डोलवत, आणि बोलत कोणीच नाही. बाईंचं उरलेलं वाक्य गडप. पडदा परत आला, त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच.

“सॉरी, पुण्याला काही बोलायचंय का?” बाईंनी विचारलं.

“नो नो, प्लीज कंटिन्यू,” माझी पुण्याची सहकारी दचकून म्हणाली.

बाईंनी कंटिन्यू केलं, आणि दोन वाक्यांनंतर पडदा पुन्हा पुण्यावर. मीटिंग संपल्यावर बाईंनी आमच्या संस्थापकांना फोन केला. पुण्याचे लोक मला वाक्य पुरं करू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमचे संस्थापक म्हणजे तीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले इंजिनीअर. ऑफिसात मी त्यांना इथल्या पद्धतीनं नावानं हाक मारायचे, पण मराठीत वाक्य सुरू केलं की नाव जिभेवरून घसरायचं आणि ‘काका’ यायचं. त्यांनी त्याच दुपारी सांगितलं, “पुणं म्यूटवर ठेवा. बोलायचं असेल तर हाताचं बटण दाबतील, आपण इथून उघडू.”

उघडायचं काम माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मुंबईकराकडे आलं. माणूस चांगला, पण एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात बेगलचा गोल पाव. पुण्याच्या चौकटीवर पिवळा हात वर व्हायचा, हा कप ठेवायला जागा शोधायचा, आणि आवाज उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. मग पुण्याहून येणारं वाक्य मागच्या विषयावरचं वाटायचं. हळूहळू हात वर होणं थांबलं.

मग डब्लिनहून नवी तक्रार आली. “ते नुसते बसलेले असतात. त्यांना कळतंय की नाही हेच मला कळत नाही.” तिकडच्या टीम लीडमध्ये पुढाकार दिसत नाही, असंही बाई म्हणाल्या.

काकांनी निर्णय दिला. पुढच्या महिन्यापासून पुण्यानं बुधवारी बसायची गरज नाही, त्यांनाही रात्रीचं जेवण वेळेवर मिळेल. आराखडा मुंबईकर सांगेल.

त्या संध्याकाळी पुण्याहून तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मागे स्कूटर सुरू होत नसल्याचा आवाज येत होता.

“माझा प्लॅन तो सांगणार?”

“हो.”

“त्याला आवाज कुठे घुमतो आणि कुठे नाही, एवढं तरी माहितीय का?”

“मी समजावेन त्याला.”

“तू त्याला समजावणार, तो त्यांना समजावणार, आणि प्रश्न आला की म्हणणार, आय विल गेट बॅक टू यू. आणि वर्षभरानं कोणी विचारलं की हे केलं कोणी, तर तुम्हालाच आठवायचं नाही.” तिनं आवाज चढवला. “आधी आमचं तोंड बंद केलंत, आता म्हणताय बोलत नाहीत. टीव्ही बघत बसल्यासारखं वाटतं गं. टीव्हीचा रिमोट तरी आपल्या हातात असतो. मला जेवण नकोय वेळेवर. मला बुधवार हवाय.”

“मी भांडेन,” मी म्हटलं.

“भांडशीलच. नागपूरच्या उन्हाचा गुण आहे तो. पण काय म्हणून भांडशील ते आधी ठरव.”

ते मला ठरवता येत नव्हतं, कारण पडदा पुण्याकडे का उडतो हेच कोणाला कळलं नव्हतं. पुण्याची माणसं शपथेवर सांगत होती की आम्ही मध्ये बोललो नाही. आणि पडदा तर उडत होता.

रविवारी मी कॉलिंग कार्डावरून आईला फोन लावला. आई कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीचं भांडण सांगत होती. कोण काय म्हणालं, मग आई काय म्हणाली, मग तो काय म्हणाला. मी फोन खांद्यात धरून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि लक्ष देऊन ऐकत होते.

“हॅलो? हॅलो! कट झाला का गं?”

“नाही, ऐकतेय ना.”

“मग हं म्हण की! नाहीतर मी कोणाला सांगतेय?”

मी हं म्हटलं. आई लगेच टाकीवर परत गेली. मी पुढच्या प्रत्येक वाक्याला हं म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

सोमवारी मी मुंबईकराला ओढून मीटिंगची रेकॉर्डिंग्ज ऐकायला बसवलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठिकाणचा आवाज वेगळा साठवलेला असायचा. जिथे जिथे पडदा उडाला तिथला पुण्याचा आवाज तेवढा वाजवला. हं. हां हां. अच्छा. बरोबर. हं. सहाजण एका टेबलाभोवती, मध्ये एकच माईक, आणि सहाजणांचा मिळून एक भरदार हुंकार. बाई वाक्य संपवून श्वास घ्यायच्या, आणि त्या फटीत पुण्याची माणसं अगदी रीतीनं हं म्हणायची. पण पुण्याहून आवाज यायला अर्धा सेकंद लागतो. तो पोचेपर्यंत बाई पुढच्या वाक्यात शिरलेल्या असायच्या. आमचं सॉफ्टवेअर मग ठरवायचं की पुण्याला बोलायचंय, आणि बाईंना बंद करायचं.

मुंबईकरानं हेडफोन काढला. “यार, म्हणजे ही माणसं ऐकत होती म्हणून आपण त्यांना बंद केलं?”

“हो.”

“पण डब्लिनवाले पण म्हणतात ना, म्म-हम्म?”

“म्हणतात. पण ते एकेकटे हेडसेट लावून बसतात, हळू म्हणतात, आणि त्यांचं वेळेवर पोचतं.”

“आणि हे आपल्याला टेस्टिंगमध्ये सापडलं कसं नाही?”

कसं सापडणार? आमचं टेस्टिंग म्हणजे आळीपाळीनं माईकसमोर जाऊन ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’. लग्नातल्या लाउडस्पीकरवाल्याकडून शिकून आल्यासारखे आम्ही सगळे तेच म्हणायचो, फ्रीमाँटमध्येही आणि पुण्यातही. ‘वन टू थ्री’ला हं कोण म्हणतो? आम्ही बोलून बघितलं होतं. ऐकून कोणी बघितलंच नव्हतं.

मंगळवारी मी काकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते माझ्याकडे बघत शांत बसले होते. चेहरा हलत नव्हता, तोंडून आवाज नाही. मला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं.

“झालं?” ते म्हणाले. “मग सोपं आहे. त्यांना सांग, हं म्हणू नका.”

“पण ती सवय आहे. ऐकतोय हे सांगायची.”

“सवय बदलता येते. मी इथे आलो तेव्हा पहिल्याच वर्षी माझ्या मॅनेजरनं विचारलं, तू मला सारखा का तोडतोस? मी त्या दिवसापासून सोडलं. अवघड गेलं, पण सोडलं. तेही सोडतील.”

“तुम्हाला बदलावं लागलं, कारण ती खोली त्या मॅनेजरची होती. ही खोली आपण बांधलीय, काका. तिचा नियम आपण लिहिलाय.”

“ऑफिसात काका नाही,” ते हसून म्हणाले. पण पुढचं हसून म्हणाले नाहीत. “सगळ्या शाखांच्या रोलआउटच्या तोंडावर मी आवाजाच्या कोडला हात लावू देणार नाही. विषय संपला.”

विषय संपला असं मला कोणी सांगितलं की मला कागद लागतो. घरी जाऊन मी एका पांढऱ्या कागदावर मराठीत, हातानं, मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘पुण्याचे सहाजण बोलत नाहीत म्हणून त्यांना मीटिंगमधून काढणार आहेत. ते बोलत नाहीत, कारण त्यांचा आवाज आपण बंद केला आहे. आवाज बंद केला, कारण ते ऐकताना हं म्हणतात. तुम्ही घरी हं म्हणता का? चहा गरम होईपर्यंत या कागदाखाली उत्तर लिहा.’ सकाळी तो मी पॅंट्रीत मायक्रोवेव्हच्या वर चिकटवला. मराठीत लिहिला, कारण ज्यांनी निर्णय घेतला त्यांना मराठी येत होतं. आमच्या एका चिनी सहकाऱ्याला ती रेसिपी वाटली. किती मिनिटं ठेवायचं, असं त्यानं मला विचारलं.

मुंबईकरानं वाचून डोक्याला हात लावला. “मॅडम, एच-वन व्हिसावर युनियन काढताय?”

“पत्रक आहे रे. बॉम्ब नाही.”

“तो शब्द एअरपोर्टवर काढू नकोस फक्त.” पण खाली पहिलं उत्तर त्याचंच होतं: ‘म्हणतो. बायको म्हणायला लावते.’

दुपारपर्यंत आणखी काही उत्तरं आली. संध्याकाळी कागद गायब. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे भिंतीवर. आता बोलावणं येईल म्हणून मी दोन दिवस तयारीत होते. आलं नाही.

काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, महिन्यातून एखाद्या शनिवारी कंपनीतल्या नव्या मुलामुलींना जेवायला बोलवायच्या. जुन्या मिशन चर्चच्या टेकडीकडे त्यांचं घर होतं. त्या शनिवारी मी जाणार नव्हते. मग वाटलं, का नाही जायचं? चूक मी केलेली नाही. मुंबईकर बायकोला घेऊन आला होता. मसालेभात, काकडीची कोशिंबीर, आणि बाजूला टॉर्टिया चिप्सचा भला मोठा वाडगा. पाणी घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले, तर माझं पत्रक फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेलं.

“हे तू लिहिलंस?” काकूंनी विचारलं.

“हो, काकू.”

“अक्षर छान आहे. हे बुधवारी घेऊन आले आणि टेबलावर टाकून दिलं. म्हणाले, बघ, आजकालची मुलं. मी बघितलं.” त्यांनी कागद काढला आणि बाहेर आल्या. काका ताट घेऊन नुकतेच बसत होते.

“अहो, हे हं म्हणणं तुम्ही मुद्दाम सोडलंत?”

“हं का? हो. पहिल्या वर्षी. मॅनेजर म्हणाला म्हणून.”

“म्हणजे मी यायच्या आधी.”

“हो.”

काकू खुर्चीवर बसल्या. “लग्न झालं तेव्हा तुम्ही किती हं हं करायचात. मी मागून आले वर्षभरानं, तर तुम्ही गप्प. मी काहीही सांगितलं तरी नुसते बघत बसायचात. मला वाटलं इथल्या थंडीनं झालं. मग वाटलं, माझंच बोलणं कंटाळवाणं आहे.” त्या हसल्या, पण कोणी त्यांच्याबरोबर हसलं नाही. “अहो, मला सांगायचंत ना.”

“ही डझ दॅट टू मी टू,” सोफ्यावरून त्यांची कॉलेजातली मुलगी मान वर न करता म्हणाली. “आय थॉट ही वॉज मॅड अॅट मी.”

काकांनी भाताचा घास हातात धरला होता तो तसाच होता. काकू पापड आणायला आत गेल्या. आम्ही सगळे एकदम कोशिंबिरीची स्तुती करायला लागलो. जेवण झाल्यावर काका माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “काय बदलावं लागेल?”

मी सांगितलं. छोटा, क्षणभराचा आवाज आला तर पडदा वळवायचा नाही. तो बोलणाऱ्याच्या आवाजाखाली हळू मिसळून सगळ्यांना ऐकवायचा. आवाज टिकला, बोलणं सुरू झालं, तरच वळायचं.

“सर्व्हरवर भार येईल.”

“येईल. पण थोडा, आम्ही मोजून दाखवू.”

“आणि आराखड्याच्या बुधवारी बिघडलं तर?”

“तर प्लॅन मुंबईकर सांगेल आणि मी पत्रक लिहिणार नाही.”

“ते तू लिहिशीलच,” काका म्हणाले. “करा.”

पुण्याची सहकारी सोमवारीच कामाला लागली. ती ऑफिसभर माईक घेऊन हुंकार गोळा करत फिरली. हं, हूं, हां हां, अच्छा, बरोबर, अरे वा. मग फोनवर आमचं भांडण.

“‘काय सांगता!’ हे हुंकारात धरायचं की बोलण्यात?” ती.

“बोलण्यात. दोन शब्द होतात.”

“काहीतरीच. माझी सासू दिवसभर ‘काय सांगता’ म्हणते आणि तिला काही बोलायचं नसतं. तो हुंकारच.”

‘काय सांगता’ हुंकारात गेलं. तिनं आणखी एक गोष्ट घातली, ती मला सुचली नसती. बोलणारा थांबला की लगेच जवळच्याला संधी मिळते, कारण त्याचा आवाज आधी पोचतो. म्हणून तिनं असं केलं की थांबल्यावर सॉफ्टवेअरनं अर्धा सेकंद वाट बघायची, आणि तेवढ्यात लांबून कोणी बोललं असेल तर आधी त्याला संधी. “आमचा उशीर आम्हाला परत द्या,” ती म्हणाली. “उपकार नकोत.”

यावेळी टेस्टिंगला ‘वन टू थ्री’ नव्हतं. मुंबईकर गाडीचं लायसन्स काढताना पहिल्या वेळी नापास कसा झाला, हे त्यानं पुण्याला सांगायचं, आणि पुण्यानं ऐकायचं, एवढंच. पडदा त्याच्यावर ठाम राहिला आणि त्याच्या आवाजाखाली पुण्याचे हुंकार बारीक ऐकू येत राहिले. तो दुप्पट रंगात आला. परीक्षा घेणाऱ्या बाईंना त्यानं फुटपाथवर चढवलं तेव्हा पुण्यात सहाजण खो खो हसले, आणि पडदा उडून त्यांच्यावर गेला.

“हसण्याचं राहिलं की गं,” मी म्हटलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “हसलं तर बघू दे की सगळ्यांना.”

आराखड्याच्या बुधवारी पुण्याचं म्यूट मी स्वतः उघडलं. मुंबईकरानं बेगल बाजूला ठेवलं होतं. डब्लिनच्या बाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्या बोलायला लागल्या, पहिलं वाक्य संपलं, दुसऱ्यात शिरल्या, आणि खालून पुण्याचा हुंकार आला. बाई थांबल्या. काका टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पडदा हलला नव्हता.

“ओह,” बाई म्हणाल्या. “यू आर देअर.” आणि पुढे बोलत राहिल्या. आधीपेक्षा सावकाश, आणि मला वाटतं, आधीपेक्षा मोकळ्या.

मग आराखड्याची वेळ आली आणि माझ्या पुण्याच्या सहकारिणीनं बोलायला सुरुवात केली. मोठ्या चौकटीत सगळ्यांच्या पुढे ती, केस घाईनं बांधलेले, मागे पंखा. कुठली शाखा आधी, कुठली नंतर, कुठल्या इमारतीत आवाज घुमेल, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. बाईंना सगळ्या शाखा एकाच दिवशी सुरू करायच्या होत्या.

“नाही,” ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. “तसं केलंत तर पहिल्याच सकाळी सगळं बंद पडेल, आणि दोष सॉफ्टवेअरला येईल.” मग कारणं सांगितली. ग्राहकाला सरळ नाही म्हणायची आमच्यातल्या कोणाची हिंमत झाली नव्हती. ती बोलत असताना डब्लिनहून बारीक ‘म्म-हम्म’ येत होतं, आणि ते आमच्या खोलीत ऐकू येत होतं, म्हणजे पुण्यातही येत असणार.

आणि तेवढ्यात काका म्हणाले, “हं!”

इतक्या जोरात म्हणाले आणि इतकं लांबवलं की आमचं सगळं गणित कोलमडलं. पडदा उडाला आणि मोठ्या चौकटीत काकांचा चेहरा आला, तोंड अर्धवट उघडं. पुण्याचे सहाजण गोंधळून पडद्यावरच्या काकांकडे बघायला लागले.

“सॉरी, सॉरी,” काका म्हणाले. “प्लीज कंटिन्यू. मी ऐकतोय.”

मीटिंगनंतर तिचा फोन आला. “बाईंचा हुंकार आला गं इकडे,” ती म्हणाली. मी हं म्हटलं.

बुधवार तिच्याकडेच राहिला. शाखा तिनं सांगितल्या त्या क्रमानं सुरू झाल्या. पण सगळं जिंकलो असं मी लिहिणार नाही. म्यूटचं बटण गेलं नाही, आणि जाऊही नये; कुत्रं भुंकतं, कुकरची शिट्टी होते, ते लागतंच. आमची विकणारी माणसं मात्र नव्या ग्राहकाला पहिल्याच दिवशी शिकवत राहिली की लांबच्या ऑफिसला आधी बंद करा, मीटिंग छान चालते. मी त्यांच्याशी भांडले, आणि अजून भांडते. आता कंपनी वेगळी आहे, ग्राहक न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आहेत आणि लांबचं ऑफिस नागपुरात आहे. मीटिंग सुरू झाली की मी विचारते, म्यूट कोण आहे आणि कोणी केलं? लोक वैतागतात. वैतागू देत. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला नियमसुद्धा माणसानंच लिहिलेला असतो, आणि माणसानं लिहिलेलं खोडता येतं, हे मी सतरंजीवर बसून शिकलेय.

आता आईच्या सांगण्याप्रमाणे, उद्या सकाळी तुम्ही काय करायचं ते. तुमच्या पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यात लांब कोण बसलंय ते शोधा. त्याचा आवाज उघडा. सगळ्यांच्या आधी त्याला बोलू द्या, त्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास थांबा, आणि तो बोलत असताना त्याच्यापर्यंत पोचेल असं हं म्हणा.